हृदय जेवतं कधी?

इंदूरच्या लोकमान्य नगरातले आमचे अण्णा मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी दवाखान्यात आले ते भांडायच्या तयारीनंच. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात इकोचा रिपोर्ट, ईसीजीची गुंडाळी, अँजिओग्राफीची सीडी आणि सगळ्यात वर गोळ्यांची अर्धवट संपलेली पट्टी. अण्णा निवृत्त हेड कॅशियर. राजवाड्याजवळच्या शाखेत त्यांनी पस्तीस वर्षं नोटा मोजल्या. माझ्या थोरल्या भावाचे वर्गमित्र, त्यामुळे मी एकसष्टीला आलो तरी त्यांच्या लेखी 'तू'च.

"हे वाच," म्हणाले. "ई.एफ. ५५ टक्के. म्हणजे ४५ टक्के हृदय गेलं ना? त्यावर तुझी ती सकाळची गोळी. नाडी ७८ होती, ती ५८ वर आली. आधीच अर्धं हृदय, त्याला तू आणखी हळू चालवतोयस. मी तीन दिवस झाले, गोळी बंद केलीये. आणि एक सांग मला. हृदय चोवीस तास रक्तानं भरलेलं असतं. त्याला रक्त कमी पडतं म्हणजे काय? विहिरीला कधी तहान लागते का रे?"

नाडी पाहिली तर ९६. आदल्या दिवशी जिना चढताना छाती आवळून आली होती, ती त्यांनी सांगितलीच नव्हती. मी विचारल्यावर कबूल केलं. आधी गोळी पुन्हा सुरू करायला लावली, ईसीजी काढून घेतला, तो जुन्यासारखाच निघाला तेव्हा जरा श्वास सोडला. बाहेर अकरा पेशंट बसले होते. म्हटलं, अण्णा, तिन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, पण पाच मिनिटांत होणारं काम नाही हे. सविस्तर लिहून देतो. खरं तर गोळी लिहून दिली तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. तेव्हा 'रोज सकाळी एक, नाश्त्यानंतर' एवढंच बोललो होतो.

विहिरीपासून सुरू करतो.

एमजीएम मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्हाला बेडकाचं हृदय दाखवायचे. गुळगुळीत कागद एका फिरत्या पिंपावर गुंडाळायचा, त्यावर रॉकेलच्या धुराची काजळी धरायची आणि हृदयाला दोऱ्यानं जोडलेल्या काडीचं टोक त्या काजळीला टेकवायचं. हृदय आकसलं की काडी वर, सैल पडलं की खाली. काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या उमटत जायच्या. क्षार विरघळवलेल्या पाण्याचे थेंब सोडत राहिलं की शरीरातून काढलेलं ते हृदय तासन्‌तास चालायचं. घरी गेल्यावर हातांची काजळी बघून आई ओरडायची, हृदयाचं वगैरे तिला काही सांगायची सोय नव्हती.

अण्णा, तुमची विहीर म्हणजे हे बेडकाचं हृदय. त्याच्या खालच्या कप्प्याची भिंत स्पंजासारखी असते. आतलं रक्त भिंतीच्या फटीफटीत शिरतं आणि भिंत तिथल्या तिथे पोसली जाते. वेगळ्या नळ्यांची गरजच पडत नाही.

माणसाची भिंत स्पंज नव्हे. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सुमारे १ सेंटीमीटर जाडीची, घट्ट विणलेल्या स्नायूची. आतल्या रक्तातून झिरपून प्राणवायू आत जातो तो जेमतेम ०.१ मिलिमीटर. म्हणजे शंभरातला एक थर भिजतो, बाकीचे नव्व्याण्णव कोरडे. पस्तीस वर्षं तुमच्या हातांतून रोज लाखो रुपये गेले. त्यातली एक तरी नोट तुमच्या खिशात गेली का? तुमचा पगार वेगळ्या खात्यातून, वेगळ्या वाटेनं यायचा. हृदयाचंही तसंच आहे. कप्प्यातलं रक्त ही लोकांची ठेव. त्याची स्वतःची मिळकत कोरोनरी नावाच्या दोन धमन्यांमधून येते.

या दोन धमन्या निघतात कुठून ते बघण्यासारखं आहे. डाव्या कप्प्यातून महाधमनी सुरू होते, तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते, आणि त्या झडपेच्या अगदी वर, बोटभरही अंतर नाही, तिथेच त्यांची तोंडं. मेंदूकडे, हातांकडे, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या सगळ्या फांद्या त्यानंतरच्या. पंगतीत पहिलं पान हृदयानं स्वतःचं मांडून घेतलंय.

फक्त त्या पानावर बसायची वेळ त्याच्या हातात नाही.

आपल्या कॉलनीच्या गणपतीच्या महाप्रसादाला तुम्ही किती वर्षं वाढताय? मी शाळेत असल्यापासून तुमच्या हातात मठ्ठ्याची बादली बघतोय. बादली भरलेली, तुमचं पोट रिकामं. तुमचं पान कोपऱ्यात आधीच वाढून झाकून ठेवलेलं असतं, पण पंक्तीत फिरताना घास तोंडात टाकता येत नाही. दोन पंक्तींच्या मधे जरा टेकलात तर चार घास. हृदयाचं शब्दशः असंच चालतं.

हृदय आकसतं तेव्हा डाव्या कप्प्याच्या आतला दाब १२० पर्यंत जातो. सगळी भिंत मुठीसारखी आवळली जाते. कोरोनरी धमन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून जातात आणि त्यांच्या बारीक फांद्या भिंतीत आत उतरतात. आवळलेल्या मुठीत त्या चेपल्या जातात. महाधमनीत त्या घटकेला रक्ताचा लोंढा आलेला असतो, पण नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या स्वतःच्या भिंतीत तो शिरू शकत नाही. मूठ सैल पडली, आतला दाब १० च्या आसपास उतरला की मग नळ्या उघडतात आणि रक्त आत जातं. डाव्या कप्प्याचं बहुतेक जेवण होतं ते या विसाव्यात. त्याला डायस्टोल म्हणतात. उजव्या कप्प्याची भिंत पातळ आणि तिथला दाबही २५ च्या घरातला, म्हणून त्याला काम करता करताही घास मिळतो. तो फिरता फिरता फुटाणे खाणारा वाढपी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर बसलो होतो, वहिनींनी चहा आणला. स्टेथोस्कोप मी अण्णांच्याच कानात घातला आणि चकती त्यांच्याच छातीवर, डाव्या बाजूला जराशी खाली टेकवली. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत चालली होती, ती पुढे जाईपर्यंत थांबलो. मग त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ओठांची हालचाल दिसत होती. मोजत होते, सवय.

"अरे, हे मधेच थांबतंय!" दचकून म्हणाले.

"थांबत नाहीये अण्णा. जेवतंय."

लब आणि डब हे दोन्ही आवाज झडपा मिटण्याचे. लब होतो तेव्हा वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटतात आणि काम सुरू होतं. डब होतो तेव्हा महाधमनीची आणि फुप्फुसाच्या धमनीची झडप मिटते, काम संपतं. लब ते डब हे अंतर थोडं, डब ते पुढचा लब हे जास्त. कान बसला की तो मोकळा तुकडा स्पष्ट ऐकू येतो. सगळे लब-डब म्हणतात, मधल्या गप्प जागेला कुणी नावच ठेवलेलं नाही. मला विचाराल तर हृदयाचं अर्धं शास्त्र त्या गप्प जागेत आहे.

आता हिशेब करू. नाडी ७५ असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद. त्यातलं काम ०.३, विसावा ०.५. नाडी ६० वर आली की एका ठोक्याला पूर्ण १ सेकंद मिळतो. काम तेवढंच, सेकंदाचा साधारण एक तृतीयांश, आणि उरलेला सगळा वेळ विसाव्याच्या खात्यात. नाडी १२० झाली तर ठोका अर्ध्या सेकंदाचा. काम थोडं आटोपशीर होतं, पण पाव सेकंद तरी घेतंच. विसाव्याला उरला पाव सेकंद. म्हणजे काटछाट होते ती मुख्यतः विसाव्यात. मिनिटाची बेरीज मारा: ६० च्या नाडीला सुमारे ४० सेकंद जेवायला, १२० ला जेमतेम ३०. आणि त्याच मिनिटात कामाच्या फेऱ्या दुप्पट. भूक वाढली, जेवायची सुट्टी कमी झाली.

नळ्या स्वच्छ असतील तर हृदय हे सहज निभावतं. फांद्या रुंदावतात, रक्ताचा पुरवठा चार-पाच पट वाढवता येतो. म्हणून आपली नातवंडं दीडशेच्या नाडीनं क्रिकेट खेळून येतात आणि वर पोहे मागतात. पण तुमच्या अँजिओग्राफीत एक नळी अरुंद निघालीये. स्टेंट घालावा इतकी नाही, पण अरुंद आहे. अशी नळी बसल्या बसल्या काही त्रास देत नाही, कारण पुढच्या बारीक फांद्या आधीच सैल पडून तूट भरून काढतात. ही राखीव रक्कम एकदा वापरात गेली की जिना चढताना काढायला शिल्लक उरत नाही. म्हणूनच तुमचा झोपून काढलेला ईसीजी स्वच्छ आणि पट्ट्यावर चालवून काढलेला टीएमटी बिघडलेला. त्यात विसंगती काही नाही.

हृदयाची आणखी एक अडचण अशी, की इतर अवयव आलेल्या रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू घेतात आणि बाकीचा परत पाठवतात. पायांचा स्नायू गरज पडली तर त्याच रक्तातून आणखी काढून घेऊ शकतो. हृदय मात्र निवांत असतानाही सत्तर-पंचाहत्तर टक्के काढून घेतं. पानात काही टाकायचंच नाही अशी त्याची शिस्त. त्यामुळे जास्त हवं असेल तर त्याला जास्त रक्तच लागतं, दुसरी वाट नाही. वजन सुमारे ३०० ग्रॅम, शरीराच्या अर्धा टक्का, आणि निवांतपणी एकूण रक्तप्रवाहातला वाटा ५ टक्के. खादाड म्हणा हवं तर.

तेव्हा तुमच्या मेटोप्रोलॉलच्या गोळीचं काम तुम्हीच सांगा. ती हृदयाला नुसतं मंद पाडत नाही, ती वाढप्याला दोन पंक्तींच्या मधे बसवते. नाडी ७८ ची ५८ झाली म्हणजे औषध लागू पडलं. तुम्हाला चक्कर नाही, थकवा नाही, नाडी ५० च्या खाली नाही, तोवर ५८ हा आकडा बघून मला आनंद होतो. कुणाला दमा असेल, कुणाच्या हृदयातली विजेची वाट आधीच अडखळत असेल, तर ही गोळी देताना आम्ही दहा वेळा विचार करतो. तुमच्या बाबतीत तसं काही नाही, म्हणून ती दिली. शेजारच्यांनी मागितली तर एकही देऊ नका.

आणि ती एकदम बंद का करायची नाही, तेही बँकेच्याच भाषेत. ताण आला, घाई झाली की शरीरातून अ‍ॅड्रिनलिन सुटतं. त्याचा निरोप घ्यायला हृदयावर खिडक्या असतात. गोळी त्या खिडक्यांवर 'काउंटर बंद' अशी पाटी लावते. काही आठवडे गेले की हृदय तक्रार करत नाही, गुपचूप आणखी खिडक्या उघडून ठेवतं. त्यांच्यावरही पाट्या लागतात, काम शांतपणे चालू राहतं. तुम्ही गोळी एकाएकी थांबवली की सगळ्या पाट्या एकदम उतरतात, आणि खिडक्या मात्र पूर्वीपेक्षा जास्त. मग महिन्याच्या एक तारखेची पेन्शनची गर्दी आठवा. तुमची ९६ ची नाडी आणि जिन्यावरची आवळण त्यातूनच आली. कमी करायची वेळ आली तर हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरवू. पण ते मी ठरवेन.

आता ई.एफ. ५५ टक्के. ई.एफ. म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन: कप्प्यात भरलेल्या रक्तातला किती हिस्सा एका ठोक्याला बाहेर पडतो, तो आकडा.

डावा कप्पा पूर्ण भरतो तेव्हा त्यात समजा १३० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं ७२ बाहेर पडतं. ७२ भागिले १३०, किती आले? ५५ टक्के. उरलेलं ५८ मिलिलिटर आत शिल्लक राहतं आणि ते राहायलाच हवं. तुमची तिजोरी संध्याकाळी कधी रिकामी असायची का? दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच माणूस मोठा चेक घेऊन आला तर? हृदयही शिल्लक ठेवतं, धावायची वेळ आली की त्यातून जादा उचल करतं. ५० ते ५५ पासून ७० पर्यंतची ई.एफ. म्हणजे चांगलं हृदय. शंभर टक्के कुणाचीच नसते. रिपोर्टात हा आकडा ठळक छापतात आणि मर्यादा बारीक अक्षरांत, त्यात आमच्या धंद्याची चूक आहेच. ५५ टक्के वाचून रात्रभर जागलेली माणसं मला महिन्यातून दोन-तीन तरी भेटतात. शाळेत ३५ ला पास, हृदयात ५५ ला नापास का, असं एका आजोबांनी विचारलं होतं.

तुमच्यासारखा हिशेब एका इंग्रज डॉक्टरानं घातला होता, विल्यम हार्वेनं. १६२८ साली त्याचं पुस्तक आलं. त्याआधी जवळपास चौदाशे वर्षं यूरोपात गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं मत चाले: रक्त यकृतात रोज नव्यानं तयार होतं आणि अवयवांत जाऊन संपतं. हार्वेनं साधं गणित मांडलं. एका ठोक्याला अगदी थोडंसं रक्त जातं असं धरलं आणि ठोक्यांनी गुणलं, तरी अर्ध्या तासात शरीरात आहे त्याहून जास्त रक्त बाहेर पडलं असं निघतं. एवढं रोज तयार कसं होईल? खाल्लेलं अन्न त्याला पुरणार नाही. म्हणजे नवी नोट छापली जात नाही, तीच नोट फिरून काउंटरवर येते. आजच्या आकड्यांनी करा: ७० मिलिलिटर गुणिले ७२, मिनिटाला सुमारे ५ लिटर. आपल्या अंगात एकूण रक्तच ५ लिटरच्या आसपास. म्हणजे मिनिटाला एक फेरी, दिवसाला सात हजार लिटरच्या वर. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो, तो रोज एक भरून उरेल.

पण धमनीतून शिरेत ते जातं कुठून, हे हार्वेला कधी दिसलं नाही. तो १६५७ मध्ये वारला. १६६१ मध्ये इटलीत माल्पिघीनं सूक्ष्मदर्शकाखाली त्या केसासारख्या वाहिन्या पाहिल्या. कशात? बेडकाच्या फुप्फुसात. आमच्या शास्त्रानं बेडकाचे उपकार किती वेळा घेतले, त्याला हिशेब नाही.

वहिनींचा प्रश्न राहिला. चहाचे कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, "यांचं बीपी १५८ आणि ६८ आलंय. वरचं वाढलंय खरं, पण खालचं तर छान कमी आहे ना? मग सरासरी बरोबर."

वहिनी, सरासरी काढायची नाही. इंदूरमध्ये राहून ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. नर्मदेचं पाणी एवढ्या लांबून, जलूदहून चढवून आणतात, आणि आपल्याकडे नळाला येतं एक दिवसाआड, तेही थोडा वेळ. तरी तुमच्या स्वयंपाकघरात नळ रोज चालतो, कारण गच्चीवर टाकी आहे. हृदयाचं पाणी तर सेकंदाच्या एक तृतीयांश वेळापुरतंच येतं. मग मधल्या काळात शरीर कोरडं का पडत नाही? कारण महाधमनी हीच टाकी आहे, आणि ती रबराची आहे. लोंढा आला की फुगते, रक्त पोटात घेते, विसावा सुरू झाला की परत आकसते आणि ते रक्त पुढे ढकलते. विसाव्यातही जो दाब टिकून राहतो तो या आकसण्यामुळे. तो म्हणजे तुमचा खालचा आकडा.

आणि विसाव्यात कोण जेवतं ते आपण आत्ताच पाहिलं. झडप मिटलेली, मूठ सैल, आणि टाकी मागे सरकताना रक्त कोरोनरीत ढकलतेय. खालचा आकडा म्हणजे हृदयाच्या पानात वाढण्याचा जोर.

वय वाढलं की ही टाकी कडक होते. रबराची सिमेंट होते म्हणा. लोंढा आला की फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. फुगली नाही तर आकसणार काय, म्हणून खालचा उतरतो. १५८ आणि ६८ ही दोन वेगवेगळी लक्षणं नाहीत, एकाच कडक नळीची दोन टोकं आहेत. वरच्या आकड्यामुळे हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, खालच्यामुळे जेवण कमी मिळतं. म्हणून सत्तरीच्या माणसाचा वरचा आकडा औषधानं उतरवताना आम्ही खालच्यावर डोळा ठेवून सावकाश जातो. एका झटक्यात १२० करून दाखवायचा हट्ट मी करत नाही.

रिपोर्टात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे अण्णांचं लक्ष गेलं नाही हे बरंच झालं: 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन'. साठीनंतर ही ओळ इतक्यांच्या रिपोर्टात असते की नसली तर मीच परत वाचतो. अर्थ एवढाच, की मूठ आवळते झकास, पण उघडताना जरा कुरकुरते. हात सैल सोडायला कसली आलीये मेहनत, असं वाटेल. पण आकसलेल्या स्नायूत कॅल्शियम सुटलेलं असतं, ते पुन्हा जागेवर नेऊन ठेवायला इंधन लागतं. स्नायूचे अडकलेले धागे सुटायलाही इंधनच लागतं. माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठ होतं ते कशामुळे? इंधन संपलं, धागे अडकले ते अडकलेच. म्हणजे सैल पडण्याचीही किंमत मोजावी लागते. हृदयाला रक्त कमी पडायला लागलं की सगळ्यात आधी बिघडतं ते हे सैल पडणं. आकुंचन त्यानंतर, ईसीजी त्याच्याही नंतर, आणि छातीतली आवळण सगळ्यात शेवटी. विसावा बिघडला की जेवण कमी, जेवण कमी की विसावा आणखी बिघडतो. बीपी ताब्यात ठेवणं, रोज चालणं आणि वजन कमी करणं, हे त्या चक्रात घालायचे खोडे.

आता पोहे. अण्णा, तुमची आवळण दोनदा आली ती रविवारी, छप्पन दुकानावर पोहे-जिलबी हाणून घाईघाईनं परतताना, तेही जानेवारीच्या थंडीत. पोटभर खाल्लं की आतड्यांकडे रक्ताची मागणी वाढते, त्यासाठी हृदयाला फेऱ्या वाढवाव्या लागतात. थंडीनं कातडीतल्या नळ्या आकसतात, दाब वाढतो. वर चालण्याची घाई. तीन पंक्ती एकदम बसवल्यात आणि वाढपी एक. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाऊन घरी येताना छाती भरून आली की आपल्याकडे 'गॅस झाला' म्हणतात आणि जिरावण मसाला टाकून सोडा पितात. गॅस आपण चालायचं थांबलो म्हणून दोन मिनिटांत जात नाही आणि चालायला लागल्यावर परत येत नाही. हे दोन्ही होत असेल तर ते हृदय आहे असंच धरायचं, तपासणीत नाही निघालं तर उत्तम.

थांबल्यावर आवळण का जाते, ते आता सांगायला नको. नाडी उतरते, विसावा लांबतो, चार घास पोटात जातात. जिभेखालची गोळी याच कामाला मदत करते. ती शिरा सैल करते, हृदयाकडे परत येणारं रक्त थोडं कमी होतं, कप्पा कमी ताणला जातो, भिंतीवरचा आतला रेटा उतरतो आणि नळ्यांतून रक्त सहज आत शिरतं. डोकं ठणकतं, ते चालायचंच. बसून घ्या, उभ्यानं घेतलीत तर चक्कर येऊन पडाल. आणि बसल्या जागी आवळण आली, घाम फुटला, गोळीनं पाच मिनिटांत उतरली नाही, तर मला फोन करत बसू नका. १०८ ला फोन करून थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. अशा वेळी नळी पूर्ण बंद झालेली असू शकते. मग विसावा कितीही लांबवला तरी पानात येणार काय?

एवढं लिहून मी अण्णांना एक काम दिलं. रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. अर्धं मिनिट मोजून दुप्पट नाही करायची. कॅशियरला हे सांगावं लागलं नाही.

काल आठवड्याची वही दाखवायला आले. लाल शाईनं, पट्टी धरून आखलेले रकाने: तारीख, वेळ, नाडी, बीपी वरचं, बीपी खालचं, शेरा. नाडी ८४ वरून ७०, ६४ आणि शेवटचे तीन दिवस ६०, ५९, ६०. शेऱ्याच्या रकान्यात मंगळवारी 'जिना दोनदा, त्रास नाही' आणि रविवारी 'पोहे अर्धी प्लेट, जिलबी निरंक'. पानाच्या तळाशी नाडीच्या रकान्याची बेरीज मारून, दोन रेघा ओढून, सही केलेली होती. नाडीची टोटल कशाला लागते, ते मी विचारलं नाही. तपासून खाली माझी सही केली.